सोलापुरात बसून टेबलटॉप आरपीजी डिझायनर व्हायचंय? मग हे वाचा

गेम डिझायनर व्हायचंय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कोडिंग येतं का, लॅपटॉप कुठला, पुण्यात क्लास लावलास का. तर आधीच सांगून टाकतो, आपण इथं बोलतोय ते टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमबद्दल. म्हणजे चार-पाच जण एकत्र बसतात, एक जण गेम मास्टर होऊन ते जग आणि त्यातली बाकीची माणसं सांभाळतो, उरलेले एकेक पात्र घेऊन "मी दार ढकलून आत जातो" असं तोंडानं बोलून खेळतात आणि जिथं काय होईल ते नक्की नसतं तिथं फासे टाकतात. नाव टेबलटॉप असलं तरी आपल्याकडं हे चटईवरच जास्त चालतं. लाइट गेली तरी खेळ थांबत नाही, आणि आपल्या गावात उन्हाळ्यात हा फायदा लहान नाही.

यातलं सगळ्यात फेमस नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलं, आज ते हॅस्ब्रोच्या मालकीच्या विझार्ड्स ऑफ द कोस्टकडं आहे. पण त्याच्या बाहेर शेकडो छोटे-मोठे खेळ आहेत, त्यातले कित्येक एकट्या माणसानं घरी बसून लिहिलेत, आणि नवीन माणसाला शिरायला वाट तिथूनच आहे.

डिझायनरचं काम काय तर नियम लिहिणं, बरोबर, पण ती पानं शेवटी अनोळखी लोकांच्या हातात जातात, कधी ब्राझीलमध्ये कधी बार्शीत, आणि तिथं समजावून सांगायला तुम्ही नसता. तुम्ही नसताना खेळ चालला पाहिजे. पुढचं सगळं ह्याच वाक्याला धरून आहे, म्हणून हे एवढं डोक्यात ठेवा.

आणि पैशाचं आत्ताच: नोकरी, दुकान, शिकवण्या जे चालू असेल ते सोडू नका. फक्त याच्यावर घर चालवणारे लोक अमेरिका-युरोपातसुद्धा कमी आहेत. बहुतेक जण दिवसा दुसरं काम करतात आणि रात्री हे. घरच्यांना सांगतानाही "पुस्तकं लिहितोय, बाहेरच्या कंपन्यांसाठी" असं सांगा, ते खोटंही नाही आणि त्यांना लगेच कळतंय.

पहिली पायरी: खेळा, आणि एकच खेळ धरून बसू नका

पुष्कळ जण एकच सिस्टीम, म्हणजे नियमांचा एकच संच, दोन-तीन वर्षं खेळतात आणि मग त्यालाच थोडं इकडं-तिकडं करून "माझा गेम" म्हणतात. असं होऊ नये म्हणून कमीत कमी चार वेगळ्या जातीचे खेळ खेळून बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, ज्याला एसआरडी म्हणतात, ते फुकट उतरवून घेता येतात, त्यातनं सुरू करा. मग जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज बघा, अख्खा गेम एका पानात बसलाय, पात्राला आकडा फक्त एक, आणि तेवढ्यावर दोन तास मजेत जातात. फियास्को बघा, त्यात गेम मास्टरच नाही. अपोकॅलिप्स वर्ल्ड २०१० साली आला आणि त्याच्यापासून पुढं अख्खं खानदान तयार झालं, त्यातला एखादा तरी खेळा. ग्रुपच जमत नसेल तर आयर्नस्वॉर्न एकट्यानं खेळता येतो आणि त्याची पीडीएफ फुकट आहे, म्हणजे तेही कारण संपलं.

ग्रुप कुठं मिळणार? पुण्या-मुंबईत खेळणारे लोक तयार सापडतात, आपल्याकडं तयार करावे लागतात. कॉलेजचं हॉस्टेल ही सगळ्यात सोपी जागा. नाहीतर मामे-चुलत भावंडं, सुट्टीला सगळी घरात असतातच. डिस्कॉर्डवर ऑनलाइन पण खेळता येतं, पण मी म्हणेन की पहिले काही खेळ समोरासमोर बसूनच खेळा, कारण डिझायनरला माणसांचे चेहरे बघायचे असतात, कोण मोबाईल काढतोय, कोण पुढं सरकून बसतोय. ते स्क्रीनवर दिसत नाही.

सोलापूरचा एक फायदा कुणी मोजत नाही. आपल्याकडं एकाच चटईवर एक जण घरी तेलुगू बोलणारा, एक कानडी, एक दखनी आणि एक मराठी असं सहज जमतंय. अशा ग्रुपला नियम समजावताना अवघड वाक्य लगेच उघडं पडतं, कारण कुणीतरी म्हणतंच, "काय सांगलालास बे, नीट सांग की." असा टेस्टिंगचा ग्रुप मोठ्या गावातल्यांना शोधून मिळत नाही.

दुसरी: गेम मास्टर बना

याच्यावर जास्त लिहीत नाही. खेळाडू म्हणून खेळ कसा वाटतो ते कळतं, चालवायला बसलात की नियम कुठं अडतात ते कळतं. दुसऱ्याने लिहिलेला एखादा छोटा ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायला तयार गोष्ट, घ्या, चालवा, आणि वहीत फक्त एवढंच लिहा: मी कुठं पान शोधत बसलो, मी कुठं नियम सोडून मनानं ठरवलं, आणि कुठं कुणालाच काय बोलावं कळेना. ही वही नंतर लई कामाला येते.

तिसरी: फाशांचं गणित, दहावीच्या पुढचं लागत नाही

इथं बरेच जण पळतात, पळू नका. दोन साधी उदाहरणं देतो.

वीस बाजूंचा एक फासा घेतला तर प्रत्येक आकडा यायची शक्यता ५ टक्के. म्हणजे पात्राला एकचा बोनस दिला की ५ टक्क्यांची भर पडते, कुठंही द्या, साधारण तेवढीच. आता नेहमीचे सहा बाजूंचे दोन फासे घेऊन बेरीज करा. एकूण ३६ प्रकारे ते पडू शकतात. ७ किंवा जास्त यायचे प्रकार २१, म्हणजे ५८ टक्के. १० किंवा जास्त यायचे फक्त ६, म्हणजे साधारण १७ टक्के. अपोकॅलिप्स वर्ल्डच्या खानदानातले खेळ ह्याच्यावरच उभे आहेत: १० किंवा जास्त आलं तर जमलं, ७ ते ९ आलं तर जमलं पण काहीतरी किंमत मोजून, ६ किंवा खाली आलं की गेम मास्टर काहीतरी भानगड करतो. मधल्या ७ ते ९ चे प्रकार १५, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के वेळा "जमलं, पण..." येतं, आणि तो "पण" आला की गोष्ट आपोआप पुढं सरकते. आता इथं एकचा बोनस द्या: ७ किंवा जास्त यायची शक्यता ५८ वरून थेट ७२ वर जाते. बोनस तेवढाच, पण इथं त्याचं वजन जवळजवळ तिप्पट. म्हणून दुसऱ्याच्या गेममधला बोनस उचलून आपल्या गेममध्ये तसाच चिकटवू नका.

आता आपल्या घरातली गोष्ट. वीस बाजूंचे वगैरे फासे इथल्या दुकानात मिळायची मारामारच, ऑनलाइन मागवावे लागतात, आणि तुमचा गेम खेळणाऱ्या प्रत्येकाकडं ते असतीलच असं नाही. पण चिंचोके आहेत की. चिंचोका फोडून दोन फाकी केल्या की एक बाजू पांढरी, एक तपकिरी, आजी पटावर खेळायची तेच. चार फाकी टाकल्या तर १६ प्रकार होतात: एकही पांढरी नाही ते १, एक पांढरी ४, दोन ६, तीन ४, चारही पांढऱ्या १. म्हणजे दोन येणं सगळ्यात जास्त, ३७.५ टक्के, आणि दोन्ही टोकं ६.२५ टक्क्यांवर. फुकटात इतका छान उतरता-चढता आलेख मिळतोय! फक्त एक, हे गणित पांढरी-तपकिरी सारखीच पडते असं धरून आहे, आणि खऱ्या फाकीची एक बाजू फुगीर असते, त्यामुळं आपल्या चिंचोक्यांचं आपण बघायचं: शंभर वेळा टाका, मोजा, लिहा. फारच एकीकडं झुकत असतील तर दुसरे फोडा.

चौथी: एका पानाचा गेम करा

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो तर जगाचा नकाशा काढतो, राजघराण्यांची नावं ठरवतो, तीनशे पानांचं पुस्तक मनात बांधतो आणि चाळीसाव्या पानावर दम सोडतो. ते सगळं नंतर. पहिला गेम एका पानाचा, आणि पूर्ण झालेला.

कसा ते प्रत्यक्ष करून दाखवतो. समजा गेमचं नाव "गड्डा". संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर तुफान गर्दी, पाळणे, भोंगे, आणि तीन-चार भावंडांना कळतं की बारका चिंटू हरवलाय. मोबाईलला रेंज नाही. घरचे मोठे लोक सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलेत, ते परत यायच्या आत चिंटू सापडला पाहिजे. एक जण गेम मास्टर, बाकीचे भावंडं. प्रत्येकाने आपल्याला काय जमतं ते एक लिहायचं: गर्दीत घुसणं, गोड बोलणं, खोटं रडणं, काहीही.

आता नियम. पहिल्या फटक्यात कुणीही असा लिहील: "अवघड काही करायचं असेल तर चार चिंचोके टाका, दोन किंवा जास्त पांढरे आले तर जमलं." गणित ठीक आहे, ११/१६ म्हणजे ६९ टक्के वेळा जमतंय. पण चटईवर काय होतं बघा. पोरगी म्हणते मी पाळणेवाल्याला विचारते, टाकते, तीन येतात, "जमलं." बरं, मग? सगळे गप्प. नियमाने उत्तर दिलं पण पुढं बोलायला काही दिलं नाही.

म्हणून तोच नियम वेगळा करू. मधे एका वाटीत दहा तिळाच्या वड्या ठेवायच्या. शून्य किंवा एक पांढरी आली तर जमलं नाही, एक वडी खायची आणि गेम मास्टर विचारतो, "तुम्हाला कुणी बघितलं?" आणि ज्यानं टाकले त्यानंच ओळखीच्या कुणाचं तरी नाव सांगायचं. दोन आले तर जमलं, पण वेळ गेला, वडी खायची. तीन आले तर जमलं, वडी तशीच राहते. चारही पांढऱ्या आल्या तर जमलं आणि उजवीकडं बसलेल्याने सांगायचं की वर आणखी काय चांगलं झालं. वाटी रिकामी झाली की मोठी माणसं हजर. आणि स्वतःला जमणारी गोष्ट करत असाल तर एक फाकी परत टाकता येते.

बघा, वडी म्हणजे घड्याळ झालं. कुणाला वेळ मोजायला सांगितलं नाही, पण वाटीत तीनच उरल्या की सगळ्यांचा आवाज आपोआप चढतो. आणि खेळ किती वेळ चालेल तेही काढता येतं: शून्य, एक किंवा दोन आले की वडी जाते, म्हणजे ११/१६ वेळा, तर दहा वड्या संपायला साधारण साडेचौदा वेळा चिंचोके टाकावे लागणार. परत टाकायच्या सवलतीनं ते एक-दोननं वाढेल. प्रत्येक वेळी बोलण्या-हसण्यासकट चार मिनिटं धरली तर तासाभराचा गेम. जेवणाच्या आधी बसतंय. दोन तासांचा हवा असेल तर वड्या वाढवा, नियम तेच.

कल्पना कुणाची चोरली तर काय, असं लोक विचारतात. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, १९७८ साली सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट सांगितलंय, तुम्ही ती कल्पना ज्या शब्दांत, ज्या रूपात मांडली त्याला संरक्षण असतं. "दोन फासे टाका आणि बेरीज करा" ह्याच्यावर कुणाचा मालकी हक्क नाही, पण त्या पुस्तकातला परिच्छेद तसाच उचललात तर अडकाल. म्हणून निवांत दुसऱ्यांचे नियम वाचा, शिका, आणि लिहा आपल्या शब्दांत.

पाचवी: टेस्टिंग, आणि इथं तोंड बंद ठेवणं हे खरं स्किल

टेस्टिंग तीन टप्प्यांत करायची. आधी तुम्ही स्वतः चालवा. मग दुसऱ्याला पान देऊन चालवायला लावा आणि तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसा. तिसऱ्या टप्प्यात तुम्ही तिथं नसायचं, पीडीएफ पाठवायची आणि नंतर त्यांच्याकडून ऐकायचं, याला ब्लाइंड टेस्ट म्हणतात. सगळं शिक्षण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात आहे आणि सगळ्यात जास्त लोक पहिल्यालाच थांबतात.

दुसऱ्या टप्प्यात कितीही जीव वळवळला तरी बोलायचं नाही. कुणी चुकीचा नियम खेळतंय? खेळू द्या. ते चुकलेले नाहीत, पानावरचं वाक्य चुकलंय, वहीत लिहा. "गड्डा" टेस्ट करायला बसवलात तर पोरं खेळ सुरू व्हायच्या आधीच निम्मी वाटी संपवणार, हे मी आत्ताच सांगतो. मग नियमात लिहावं लागतं, "दहा वड्या मोजून वाटीत ठेवा, खाण्यासाठी वेगळी ताटली ठेवा." हसू नका, हेच गेम डिझाइन आहे.

नंतर विचारायचं काय ते पण शिकायला लागतं. "आवडला का?" हे अजिबात विचारू नका, कारण आपली माणसं "भारी आहे की" म्हणतात, चहा पितात आणि जातात. त्याऐवजी विचारा: कुठल्या क्षणी कंटाळा आला? शेवटी तुझं पात्र काय करत होतं? आणि सगळ्यात भारी प्रश्न, "हा नियम आता तू मला सांग." ते जे सांगतात ते तुमच्या पानापेक्षा सोपं असतं, कितीदा तरी मी तेच वाक्य उचलून पानावर टाकलंय. लोक उपाय सुचवायला लागले, की इथं जादू टाका, तिथं मारामारी टाका, तर ऐकून घ्या, मान डोलवा, पण लिहा ते दुखणं. औषध तुम्ही शोधायचं.

सहावी: गावच्या गोष्टी वापरताना

आपल्या गावात गेम करण्यासारखा माल भरपूर आहे. १८७७ ला सुरू झालेली जुनी मिल, माग, चादरी, भुईकोट किल्ला, नान्नजचे माळढोक. ओर्क आणि एल्फ, म्हणजे परदेशी गोष्टींतली काल्पनिक जमात, बाहेरच्यांनी इतके दळलेत की त्यात नवीन माणसानं काय वेगळं करायचं, त्यापेक्षा पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमधली रात्रपाळी कुणी लिहिलेली नाही.

पण एक लक्षात असू दे. यात्रेतले नंदीध्वज हे लोकांच्या मानाचे आहेत, त्यांना तुम्ही "प्लस दोन जादुई काठी" करून टाकलं तर गावात चालणार नाही, आणि चालू पण नये. म्हणूनच वर "गड्डा" मध्ये मी विधींना हात लावला नाही, गर्दी आणि पाळणे घेतले. तसंच १९३० सालचा मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, त्यांच्यावर चौक आहे, गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस आहे. त्या दिवसांवर गेम होऊ शकतो आणि चांगला होऊ शकतो, पण त्यात हुतात्म्यांना पात्र करून फासे टाकायला लावण्यापेक्षा त्यावेळच्या साध्या गिरणी कामगाराच्या घरात काय चाललं होतं ते खेळायला द्या. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

सातवी: मराठीत की इंग्रजीत, आणि छपाई

खेळायला मराठी, विकायला इंग्रजी, असा सरळ हिशेब आहे सध्या तरी. मराठीत लिहिलंत तर तुम्ही सुरुवातीच्या मोजक्या लोकांत असाल पण गिऱ्हाईक तुम्हालाच तयार करावं लागेल. मी म्हणेन एका पानाचे गेम दोन्हीत करा, तेवढं काही जड नाही. इंग्रजी फार अलंकारिक लागत नाही. नियमांचं इंग्रजी जितकं रेसिपीसारखं तितकं चांगलं.

मांडणीसाठी महागडं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, स्क्रायबस फुकट आहे. मराठी फॉन्टसाठी मुक्त, बालू असे युनिकोड फॉन्ट गुगलवर फुकट आणि व्यवसायासाठी पण चालतात. पीडीएफ केली की जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते बघा. कारण इंग्रजीसाठी केलेली सॉफ्टवेअर "प्रश्न" चं काय करतील सांगता येत नाही. आणि प्रेसवाल्याला वर्ड फाइल देऊ नका. पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपी आणि कोरल चालतं, तुमचा युनिकोड मजकूर त्यात टाकला की अर्धी अक्षरं उडतात आणि मग प्रूफं तपासण्यात आठवडा जातो. फॉन्ट आत घातलेली पीडीएफ द्या, विषय संपला.

छोटं पुस्तक छापायचं असेल तर ए-फाइव्ह साइज, पानांची संख्या चारच्या पटीत, म्हणजे १६, २४, ३२, आणि सेंटर पिन. आत साधा मॅपलिथो कागद, वर आर्ट कार्डाचं कव्हर, आतली पानं एकरंगी. पहिल्या वेळी पन्नासच्या वर छापू नका, डिजिटल प्रिंटवर तेवढ्याच काढून मिळतात. लग्नसराईत आणि कॅलेंडरच्या सीझनला प्रेसवाल्याच्या दारात उभं राहायचं नाही, तुमच्या पन्नास कॉप्या कुठल्या तरी पत्रिकेच्या ढिगाखाली जाणार.

आठवी: विकायचं कुठं

इच डॉट आयओ ही सुरुवातीला सगळ्यात सोपी जागा, कमाईतला किती वाटा साइटला द्यायचा ते तुम्हीच ठरवता, काही बदललं नाही तर १० टक्के. ड्राइव्हथ्रूआरपीजी वर गिऱ्हाईक जास्त पण वाटा पण जास्त, फक्त त्यांच्याकडंच विकलंत तर तुम्हाला ७० टक्के, इतरत्र पण विकलंत तर ६५. डीएम्स गिल्ड ही तिसरी, तिथं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं फॉरगॉटन रेल्म्स हे जग वापरायची परवानगी मिळते पण हातात ५० टक्के येतात आणि ते लिखाण तिथंच अडकतं, दुसरीकडं विकता येत नाही.

लायसन्स वाचायची सवय लावा, कितीही कंटाळवाणं असलं तरी. २००० सालापासून लोक ज्या ओपन गेम लायसन्सवर धंदा करत होते ते बदलायचा घाट २०२३ च्या सुरुवातीला विझार्ड्सनं घातला, लोकांनी रान उठवलं, आणि त्याच जानेवारीत कंपनीला माघार घेऊन एसआरडी ५.१ क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली सोडावी लागली. त्यामुळं आज त्या नियमांवर तुम्ही स्वतःचा ॲडव्हेंचर लिहून कुठंही विकू शकता, फक्त श्रेय द्यायचं, त्याचं वाक्य त्यांनीच दिलंय, ते तसंच टाका.

किकस्टार्टरची, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करायच्या साइटची, स्वप्नं बघत असाल तर थांबा, भारतातल्या पत्त्यावर आणि बँक खात्यावर तिथं प्रोजेक्ट उघडता येत नाही. बाहेरच्या प्रकाशकाच्या प्रोजेक्टमध्ये लेखक म्हणून जाता येतं, ते वेगळं.

बाहेरचे पैसे येतात ते बहुतेक पेपलनं. पेपल भारतात फक्त परदेशाशी व्यवहाराला चालतं, देशातल्या देशातला व्यवहार त्यांनी २०२१ मध्ये बंद केला, म्हणून इथल्या गिऱ्हाइकाला सरळ यूपीआय. अमेरिकन साइट डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेते, तो नीट भरा, पॅन टाका, भारत-अमेरिका कराराचा रकाना सोडू नका. रॉयल्टीवर तिकडं ३० टक्के कापायचे ते करारानं १५ वर येतात. कापलेला कर इथल्या रिटर्नमध्ये दाखवता येतो, पण ते सीएला विचारून. हो, पहिल्या वर्षी सीएची फी कमाईपेक्षा जास्त होईल, असू दे.

नववी: दुसऱ्यांसाठी लिहिणं

दोन-तीन छोटे गेम पूर्ण झाले, लोकांनी खेळले, की मग फ्रीलान्सिंग. ह्यात पैसे शब्दावर मिळतात, नवख्याला शब्दाला ५ ते १० सेंट हा भाव ऐकायला मिळतो. म्हणजे तीन हजार शब्दांच्या ॲडव्हेंचरला १५० ते ३०० डॉलर. ऐकायला बरं वाटतं पण त्यात टेस्टिंग आणि दोनदा-तीनदा बदल करणं आलंच, आणि पैसे कधी मिळणार, लिखाण दिल्यावर की पुस्तक छापल्यावर, ते करारात बघा. छापल्यावर असं असेल तर वर्ष पण जाऊ शकतं. करारात "वर्क फॉर हायर" असेल तर लिखाण त्यांचं, तुमचा त्याच्यावर हक्क राहत नाही. मग ज्या जगावर तुमचा जीव आहे ते तिथं देऊ नका, दुसरं काहीतरी लिहा. आणि कुणी म्हणालं की "एक्स्पोजर मिळेल", तर तेवढ्यात तुमचा स्वतःचा एक पानाचा गेम होतो.

आपल्याकडच्या माणसांना कोण विचारतंय असं वाटत असेल तर २०२२ चं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं रेडियंट सिटाडेल पुस्तक बघा. तेरा ॲडव्हेंचर, अजित जॉर्ज हा त्याच्या दोन मुख्य लोकांपैकी एक, आणि कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी त्यात बंगालच्या नदीकाठच्या मातीतला एक ॲडव्हेंचर लिहिला. फिलिपिन्स, मलेशियातल्या लोकांनी तर मोठ्या कंपनीची वाट न बघता इचवर आपापल्या गावचे गेम टाकून स्वतःचं नाव केलंय.

प्रकाशकाला ईमेल करताना तुमचं जग किती मोठं आहे ते सांगू नका. दोन ओळीत तुम्ही कोण, तीन ओळीत कल्पना, आणि पूर्ण झालेल्या गेमची लिंक. लिंक नसेल तर ईमेल पाठवू नका, आधी चौथ्या पायरीवर जा. लिहिणंच करावं असं पण नाही, नियम तपासून देणारे एडिटर, पानं लावणारे, नकाशे काढणारे यांनाही काम मिळतं, आणि नीट एडिटिंग करणारा माणूस लिहिणाऱ्यापेक्षा दुर्मिळ असतो.

गेम टाकल्यानंतर

सुरुवातीला खप म्हणजे ओळखीचे आठ-दहा लोक. मग कधीतरी कुठल्या तरी अनोळखी माणसाचा मेसेज येतो की "शेवटची वडी खाल्ली त्याच वेळी चिंटू सापडला, तर मग काय?" त्याला उत्तर द्या, आणि त्याच रात्री ते उत्तर पानावर, बरोबर त्या नियमाच्या खाली, एका वाक्यात घालून फाइल व्हर्जन १.१ म्हणून चढवा. इचवर जुन्या गिऱ्हाइकाला नवीन फाइल परत पैसे न देता मिळते. एकाने विचारलंय म्हणजे विचारायचा कंटाळा केलेले अजून चार असणारच.